पश्चिमेची खिडकी, आजी आणि 'चांगला पडदा' नावाचा चुकलेला प्रश्न

गेल्या एप्रिलमध्ये मी आजीच्या खोलीला पडदे शिवून आणले. खिडकी पश्चिमेची, चार फूट बाय चार फूट, स्लायडिंगच्या काचेची. दुपारी तीननंतर ऊन सरळ तिच्या कॉटवर येतं. दुकानात जाऊन मी एकच वाक्य बोलले, "ऊन अडवणारा चांगला पडदा द्या." त्यांनी गडद मरून रंगाचं जाड ब्लॅकआउट कापड पुढे टाकलं. "मॅडम, नव्वद टक्के गरमी कमी." फेलोशिपचे पैसे नुकतेच आले होते. मी माप दिलं आणि मोकळी झाले.

पहिल्याच दुपारी आजी म्हणाली, "अंधार लई झाला बघ, पण उकडतंय तसंच." तीन-चार दिवसांनी ती पाणी प्यायला उठली आणि त्या अंधारात तिचा पाय स्टुलावर आपटला. लागलं फारसं नाही. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते, त्यामुळे घरात सगळे घाबरले. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "फिजिक्समध्ये पीएचडी करतीस आणि घरातलं ऊन अडवता येईना होय?"

हा टोमणा मला चांगलाच झोंबला. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या नाहीतर सिनॉप्सिसच्या मागे आहात आणि "विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही" असे मेसेज करता. माझंही पडद्याच्या बाबतीत तेच झालं होतं. विषय होता, पैसे होते, प्रश्नच चुकला होता.

"चांगला पडदा" म्हणजे काय? प्रकाश कमी करणारा, उष्णता कमी करणारा, बाहेरच्यांची नजर अडवणारा, रस्त्याचा आवाज कमी करणारा, की नुसता दिसायला छान? हे पाच वेगळे गुण आहेत आणि ते एकमेकांबरोबर जातातच असं नाही. माझा पडदा प्रकाशाच्या परीक्षेत पहिल्या नंबरने पास झाला आणि उष्णतेच्या परीक्षेत नापास. आणि ते "नव्वद टक्के"? कशाच्या नव्वद टक्के? प्रकाशाच्या की उष्णतेच्या? कशाशी तुलना करून, उघड्या काचेशी की साध्या पडद्याशी? सेमिनारमध्ये कुणी असा आकडा दाखवला असता तर मी पहिला हात वर केला असता. दुकानात मात्र मान डोलावली.

आवाजाचं आधीच सांगून टाकते. पडद्याने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, पण रस्त्यावरच्या हॉर्नला तो फारसा अडवत नाही. त्याला वजनदार आणि फटी नसलेली गोष्ट लागते, म्हणजे नीट बंद होणारी काच. आवाजासाठी म्हणून महागडा पडदा घेऊ नका. विषय संपला.

आता ऊन. पडद्याच्या आधी खिडकीची दिशा बघायला पाहिजे, आणि कोल्हापूरकरांना हे शिकवायला फार लांब जावं लागत नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण सगळ्यांनी बघितलाय, निदान टीव्हीवर तरी. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदाच का? कारण या दोन्ही वेळी सूर्य आकाशात विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास सारख्याच, म्हणजे १७ अंशांच्या आसपास असतो. एकदा दक्षिणेकडे जाताना, एकदा परत येताना. कोल्हापूरचं अक्षांश साधारण १६.७ अंश उत्तर धरून गणित केलं, तर त्या दिवसांत सूर्य अगदी पश्चिमेला न मावळता पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो.

हीच गोष्ट उलटी करून बघा. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य १७ अंश उत्तरेला पोहोचलेला असतो (म्हणूनच तेव्हा आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली जाते) आणि तो मावळतो पश्चिमेपासून १८ अंश उत्तरेला. म्हणजे फेब्रुवारी ते मे या तीन महिन्यांत मावळतीची जागा सुमारे ३६ अंशांनी सरकते. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते, तेव्हा साडेतीन मुठी. दिवाळीत नव्या फ्लॅटचा ताबा घेऊन "इकडून ऊन येत नाही हं" असं ठरवणाऱ्यांची मेमध्ये फजिती होते ती यामुळे. संशोधनाच्या भाषेत, एका ऋतूतल्या नमुन्यावरून वर्षभराचा निष्कर्ष काढला.

दुसरी गोष्ट छज्जाची. बाबांचं म्हणणं, वर दीड फुटाचा छज्जा आहे, मग ऊन येतंच कसं? दक्षिणेच्या खिडकीला त्यांचं म्हणणं बरोबर आहे. २१ डिसेंबरला, म्हणजे सूर्य सगळ्यात खाली असतानाही, भर दुपारी तो ५० अंशांवर असतो आणि दीड फुटी छज्जा भिंतीवर पावणेदोन फूट सावली टाकतो. पण एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर आणि जवळजवळ समोर असतो. तेव्हा त्याच छज्जाची सावली भरते आठ-नऊ इंच. चार फुटांच्या खिडकीत आठ-नऊ इंच! बाकीची खिडकी उघडी ती उघडीच. आणि आपल्याकडे घड्याळात पाच म्हणजे सूर्याच्या हिशोबाने साडेचारच. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि कोल्हापूर ७४ अंशांच्या थोडं पुढे, त्यामुळे आपली खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते. चहा झाला तरी ऊन हटत नाही ही आजीची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आता किती ऊर्जा आत येते याचा अंदाज काढू. स्वच्छ दिवशी चार-साडेचारला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ५०० वॉट धरा. खिडकी दीड चौरस मीटरची, म्हणजे ७५० वॉट. साध्या काचेतून त्यातले चार-पंचमांश आत आले असं धरलं तर ६०० वॉट. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकत असतो. म्हणजे आजीच्या खोलीत रोज दुपारी सहा अदृश्य पाहुणे येऊन बसतात.

इथे थांबू नका, अंदाज तपासा. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत हवा भरते तीस-बत्तीस किलो. एक किलो हवा एका अंशाने तापवायला सुमारे १००० ज्यूल लागतात. ६०० वॉटने मिनिटाला ३६,००० ज्यूल येतात, म्हणजे हवा मिनिटाला एका अंशापेक्षा जास्त तापायला हवी आणि तासाभरात आजीच्या खोलीत भाकरी भाजता यायला हवी. तसं होत नाही. का? कारण ऊन हवेला तापवतच नाही फारसं. ते फरशी, गादी, भिंत यांना तापवतं, त्या वस्तू उष्णता साठवतात, सावकाश हवेला देतात आणि बरीचशी उष्णता दार-खिडकीतून बाहेर जाते. म्हणूनच सूर्य मावळल्यावरही रात्री नऊपर्यंत ती भिंत हाताला गरम लागते. गणिताचं उत्तर हास्यास्पद आलं तर गणित फेकून देऊ नका. कुठलं गृहीतक हास्यास्पद होतं ते शोधा, सगळी मजा तिथेच असते.

मग माझ्या मरून पडद्याने काय केलं? त्याने प्रकाश अडवला, पण अडवला म्हणजे गायब केला नाही, गिळला. गिळलेला प्रकाश उष्णता होतो, त्यामुळे पडदा तापला. गंमत म्हणजे ही उष्णता काचेतून परत जाऊ शकत नाही. ४० अंशांना तापलेलं कापड जे किरण सोडतं त्यांची तरंगलांबी ९ मायक्रोमीटरच्या आसपास असते. साधी काच सूर्याचा प्रकाश आत सोडते, पण हे लांब किरण ती पार जाऊ देत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसताना जे होतं तेच हे. त्यात पडदा आणि काच यांच्यामधली हवा तापते, हलकी होते, वर चढते आणि पाइपच्या वरच्या फटीतून खोलीत येते. खालून थंड हवा आत शिरते. मी आजीच्या खोलीत उष्णतेचं धुराडंच बसवलं होतं. नंतर दुपारी पाइपच्या वर हात धरून बघितला, गरम झुळूक चक्क लागत होती.

म्हणजे आत लावायच्या पडद्याला एकच खरा मार्ग उरतो. प्रकाश उष्णता व्हायच्या आत, प्रकाश असतानाच, काचेतून परत बाहेर पाठवायचा. त्यासाठी पडद्याची काचेकडची बाजू पांढरी हवी. खोलीकडून रंग मरून असो की मोरपंखी, सूर्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याला दिसतं अस्तर. बाजारात ब्लॅकआउट म्हणून दोन प्रकार मिळतात. एकात कापडाच्या मागे पांढरा लेप असतो, दुसऱ्यात मधे काळा धागा विणलेला असतो आणि दोन्ही बाजूंना सारखाच रंग दिसतो. अंधार दोन्ही करतात, उष्णतेच्या बाबतीत दोघांत फरक आहे. दुकानात कापड उलटं करून बघणं एवढंच करायचं होतं, मी ते केलं नाही.

याहून चांगला उपाय आजीनेच सांगितला. मी हे सगळं तिला समजावत होते तर ती म्हणाली, "आतनं कशाला लावतीस? आमच्याकडं बाहेरनं गोणपाट टाकायचे की. पाणी मारायचं वरनं." झालं! काचेच्या बाहेर अडवलेलं ऊन तापवतं ते बाहेरच्या हवेला, खोलीला नाही. काच जी उष्णता आत कोंडत होती, तीच आता तिला बाहेर ठेवते. वाळ्याचे ताटे, बांबूची चिक, गोणपाट हे सगळे बाहेर लावायचे प्रकार आहेत. आपण स्लायडिंग खिडक्या आल्यावर पडदे आत घेतले आणि हे विसरलो. पाणी मारण्याचा उपाय मात्र एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारीच चालतो. जूनमध्ये हवेतच ओल असते, गोणपाटातलं पाणी उडून जात नाही आणि गारवा येत नाही.

पण आजी म्हणाली म्हणून, किंवा पुस्तकात आहे म्हणून मान्य करायचं नाही, बरोबर? मी मापायला बसले आणि पहिला प्रयत्न फसला. सोमवारी आत पडदा लावून थर्मामीटर वाचला, मंगळवारी बाहेर चादर टांगून. मंगळवारी खोली थंड. मी खूश होऊन लॅबमधल्या सीनियरला फोटो पाठवला. तिचा एकच प्रश्न आला: "काल वळीव झाला ना कोल्हापुरात?" झाला होता. मी कापडाची नाही, ढगांची तुलना केली होती.

दुसऱ्यांदा बुटांचे दोन सारखे खोके घेतले. दोघांच्या तोंडावर सारख्या मापाची काच, आत एकेक थर्मामीटर. एकाच कापडाचे दोन तुकडे, एक काचेच्या आतून, दुसरा बाहेरून. दोन्ही खोके एकाच वेळी, शेजारी शेजारी, गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून ठेवले. दुसऱ्या दिवशी मांडणी अदलाबदल केली, म्हणजे एखादा खोका किंवा थर्मामीटरच खोटा बोलत असेल तर कळावं. दोन्ही दिवशी बाहेरून कापड असलेला खोका थंड राहिला. हे आकडे इथे देत नाही, कारण बुटाचा खोका म्हणजे आजीची खोली नव्हे. दिशा कळली, मला तेवढंच हवं होतं. ज्यांना मेथडॉलॉजीचा पेपर अवघड जातो त्यांनी हा प्रयोग घरी करा. कंट्रोल म्हणजे काय हे एका दुपारीत कळतं.

आता कापडाबद्दल. "याचा फॉल बघा मॅडम," हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. फॉल म्हणजे कापड कसं लोंबतं, चुण्या कशा पडतात. ही काय मोजायची गोष्ट आहे, असं वाटेल. पण आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर हे नाव पडलं. खऱ्या मँचेस्टरमध्ये, तिथल्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये, एफ. टी. पीअर्स नावाच्या शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. कापड हातात घेऊन व्यापारी "मऊ", "ताठ", "भरीव" म्हणतात ते आकड्यात सांगता येईल का? १९३० मध्ये त्याने यावर पेपर लिहिला. त्याची एक कसोटी इतकी साधी आहे की घरी करता येते. कापडाची इंचभर रुंद पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. पट्टीचं टोक स्वतःच्या वजनाने वाकत खाली येतं. कडेपासून टोकापर्यंतची रेघ ४१.५ अंशांनी झुकली की थांबायचं आणि बाहेर आलेल्या लांबीची निम्मी मोजायची. तिला वाकण-लांबी म्हणू या. लांबी कमी, कापड लोंबायला मऊ. लांबी जास्त, कापड ताठ.

पुढे क्यूसिक याने फॉलसाठी वेगळं यंत्र केलं. कापडाची ३० सेंटीमीटर व्यासाची गोल चकती १८ सेंटीमीटरच्या तबकडीवर ठेवायची आणि लोंबणाऱ्या कडेची सावली कागदावर घ्यायची. सावली जितकी लहान, फॉल तितका चांगला. मला हे वाचून लॅबमध्ये एकटीच हसू आलं. दुकानदाराचा "फॉल" आणि जर्नलमधला आकडा यांच्यामध्ये फक्त एक तबकडी आणि एक दिवा आहे. तुमच्या विषयात "गुणवत्ता", "सहभाग", "परिणामकारकता" असले शब्द असतील तर स्वतःला विचारा, माझी तबकडी कुठली?

मापाच्या बाबतीत मी आणखी एक चूक केली होती. खिडकी चार फूट, दोन्ही बाजूंना आठ आठ इंच जास्त, म्हणजे पाइप सव्वापाच फुटांच्या थोडा पुढे. चुण्या नीट पडायला कापड त्याच्या दुप्पट तरी हवं. ४८ इंची पन्ह्याच्या मी दोनच पट्ट्या घेतल्या, म्हणजे आठ फूट, जेमतेम दीडपट. पडदा ओढला की दोरीवरच्या चादरीसारखा सपाट. तीन पट्ट्या लागतात. दुकानात सांगितलं होतं, मला वाटलं खपवतायत. दर वेळी समोरचाच चुकतो असं नाही.

हॉलमध्ये आठ फुटांचा पाइप आहे आणि तो मधे वाकलाय. सुताराने मधला ब्रॅकेट दिला नव्हता, कारण "चार फुटाला काही होत नाही मग आठला डबल वाकेल, त्यात काय." डबल नाही! फुटामागे वजन तेवढंच असेल तर वाकण्याचं माप लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. लांबी दुप्पट, वाक सोळा पट. मधे एक ब्रॅकेट दिला की हा सगळा प्रश्न मिटतो. किंवा पाइप जाड घ्या. पत्र्याची जाडी तीच ठेवून पाऊण इंचाऐवजी एक इंची पाइप घेतला तर ताठपणा सव्वादोन पटीच्या वर जातो. ब्रॅकेट ठोकताना खिडकीच्या वर लिंटेलचं काँक्रीट लागतं, तिथे साधं ड्रिल घसरत राहतं. हॅमर ड्रिलवाल्यालाच बोलवा.

शेवटी काय केलं ते सांगते. खिडकीच्या बाहेर, छज्जाच्या खाली, बांबूची चिक लावली, दोरीने गुंडाळता येणारी. तिच्या फटींतून उजेड येतो. आजीला पोथी वाचता येते आणि स्टूल दिसतं. आत पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर एकेरी. पाइपच्या दोन्ही टोकांना कापड भिंतीपर्यंत वळवलं आणि वर प्लायची पट्टी मारून फट झाकली, धुराडं बंद. मरून पडदे माझ्या होस्टेलच्या खोलीत गेलेत. तिथे खिडकी उत्तरेची आहे आणि मला रविवारी दहापर्यंत अंधारच हवा असतो. त्याच पडद्याचा तिथे पहिला नंबर.

पावसाळ्याचा हिशोब आधीच करून ठेवलाय. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे दोन-दोन आठवडे काही वाळत नाही. नेहमीच्या प्रमाणित हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे सुती अस्तराला बुरशी धरणार. तेव्हा जूनमध्ये अस्तर काढून धुऊन ठेवायचं आणि चिक गुंडाळून घरात घ्यायची, नाहीतर बांबू काळा पडतो. तेव्हा तसंही ऊन नसतं.

आजीचं आता नवीनच सुरू झालंय. चिकेतून उन्हाच्या रेघा भिंतीवर पडतात आणि त्या रोज थोड्या सरकतात, हे तिच्या लक्षात आलंय. तिने पेन्सिलने भिंतीवर खुणा करायला सुरुवात केली आहे, शेजारी तारीख लिहून. बाबा रंगाचा खर्च मोजतायत. मी तिला फक्त वेळ पण लिही म्हणून सांगितलं आहे.